गावात घर बांधायचंय? आधी हद्द बघा, मग हप्ता

वाघोली, सूस, नऱ्हे. बोलताना अजून ‘आमच्या गावात’ असंच निघतं तोंडून. पण ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात हीही गेली. ग्रामीण घरकुल योजना ग्रामपंचायतीच्या हद्दीतच चालते. मागे ऊस उभा असला तरी हद्द महापालिकेची असेल, तर ग्रामीण योजनेचा अर्ज तिथे चालत नाही. त्यामुळे उत्पन्नाचा हिशेब नंतर, आधी हद्द.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १.२० लाख आणि डोंगरी भागात १.३० लाख मिळतात. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं हवं. भागाकार करून बघा, फुटाला ४४६ रुपये पडतात. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरली तरी एवढ्यात स्लॅब पडत नाही. वरचे पैसे कुठून येणार, हे जोता काढण्याआधी ठरलेलं हवं. अर्धवट घरकुलं बहुतेक इथेच अडतात, कारण पुढचा हप्ता बांधकामाचा जिओ-टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो चढल्यावरच सुटतो.

पक्कं घर, चारचाकी, घरात सरकारी नोकरी, आयकर किंवा व्यवसाय कर, कुटुंबात कुणाची महिना १५ हजारांवर कमाई, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत, ५० हजार किंवा त्याहून मोठ्या मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड: यातलं एक असलं तरी नाव कटतं. दुचाकी आणि फ्रिजची अट २०२४ मध्ये निघाली, तरी जुन्या समजुतीने अर्जच न करणारी कुटुंबं आहेत. त्यांनी नव्याने चौकशी करावीच.

यादीत बसत नसाल तर बँकेचं गृहकर्ज. आणि खरी अडचण इथे सुरू होते.

लोक ‘आठचा उतारा’ म्हणून एक कागद पुढे करतात. आठ-अ हा तलाठ्याकडचा खाते उतारा, शेतजमिनीचा. नमुना नंबर ८ हा ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणीचा उतारा. दोन्ही वेगळे, आणि नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव आहे याचा अर्थ घरपट्टी त्या नावावर लागते, एवढाच. गहाणखतासाठी बँकेला मालकी दिसली पाहिजे, आणि गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो. ही फट भरते मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ती निघते गावठाणाच्या मोजणीतून. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा राज्यातला पहिला प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीला झाला. पुढे २०२० मध्ये अशाच मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना आली. पत्रिका हातात आली की नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा तिथल्या तिथे वाचा. आजोबांच्या नावावर निघाली असेल तर वारस नोंद करून घ्या. भाऊबहिणींची नावं सामाईक असतील तर एकतर ते सगळे कर्जाला सहकर्जदार, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या संमतीपत्रावर बँकेचा वकील सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

गावठाणाबाहेर बांधायचं तर सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि भूधारणा पद्धत सावकाश वाचा. विकास सोसायटीचा बोजा, कूळकायद्याचं कलम ४३, ‘पुनर्वसनासाठी राखीव’, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन): यातली एकही नोंद असेल तर ती आधी निस्तरायची. सोसायटीचं कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला देऊन फेरफार करावा लागतो. गावठाण हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन २०२५ पर्यंत महसूल कायद्याच्या कलम ४२-ड खाली रूपांतर कर भरून निवासी होऊ शकत होती. एनएची (बिगरशेती परवानगीची) वेगळी लांबलचक वाट तिथे लागत नव्हती.

पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत गावठाणाबाहेरच्या बांधकामाला नुसता ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुरत नाही. मंजूर नकाशा नसेल तर प्रकरण बँकेत पुढे सरकत नाही.

कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, उरलेले १० टक्के आपले. रक्कमही एकदम येत नाही. जोता, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी येते, आणि बँकेचा इंजिनिअर प्रत्येक वेळी मंजूर नकाशाशी ताडून बघतो. नकाशात दोन खोल्या आणि जागेवर तीन दिसल्या, की पुढचा हप्ता थांबतो.