एक कारखाना, पाच क्रमांक

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात १४.८६ अब्ज डॉलरचं सोनं आयात झालं, असं आधी जाहीर झालं. त्या महिन्याची व्यापारतूट विक्रमी ठरली आणि कारणांचे तर्क सुरू झाले. जानेवारीत तोच आकडा ९.८४ अब्ज डॉलरवर आला. मधलं पाच अब्ज डॉलरचं सोनं देशात कधी आलंच नव्हतं.

विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, म्हणजे सेझमधल्या, व्यवहारांच्या नोंदी जुन्या 'सेझ ऑनलाइन' प्रणालीतून सीमाशुल्क खात्याच्या 'आइसगेट'वर हलवण्याचं काम जुलै २०२४ पासून चालू होतं. ते पुरं झालं नव्हतं. त्यामुळे कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडे, जिथे देशाच्या परकीय व्यापाराची आकडेवारी तयार होते, दोन्ही प्रणालींतून माहिती येत राहिली आणि काही माल दोनदा मोजला गेला. जुनी पद्धत चालत होती, नवीही चालत होती. बिघाड झाला तो दोघींच्या सांध्यावर.

सरकारी आकडेवारीच्या आधुनिकीकरणाबद्दल बोलताना टॅबलेट, पोर्टल, डॅशबोर्ड यांचीच चर्चा होते. ती साधनं लागतातच. पण माझ्या मते खरं काम दोन गोष्टींत आहे. मोजायची वस्तू किंवा उद्योग नेमका एकदाच ओळखता आला पाहिजे, आणि दोन माहितीस्रोत जिथे जुळतात तो सांधा रोज तपासला गेला पाहिजे.

निर्यातीची एक नोंद घेऊ. नाशिकची ताजी द्राक्षं न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला निघतात. निर्यातदाराचा कस्टम्स ब्रोकर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं सीमाशुल्क निवेदन, भरतो. त्यात आठ अंकी कोड जातो, ०८०६१०००. पहिले सहा अंक जगभर सारखे, शेवटचे दोन भारताचे. सोबत वजन, एकक, एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची) किंमत, जिथे माल चालला तो देश, आणि २०२० पासून सक्तीचं झालेलं उगमाचं राज्य व जिल्हा. यातल्या प्रत्येक रकान्याची आपली एक ठरलेली चूक आहे. एककात किलोच्या जागी टन पडतात किंवा खोक्यांची संख्या पडते. देश नेदरलँड्स दिसतो, पण द्राक्षं तिथून ट्रकने जर्मनीला जातात. माल निफाडचा असतो, व्यापारी निर्यातदाराची जीएसटी नोंदणी मुंबईची असते, आणि सवयीने जिल्हा मुंबई लिहिला गेला की नाशिक जिल्ह्याची निर्यात कागदावर घटते. शिवाय निर्यात एफओबी भावाने आणि आयात सीआयएफ भावाने, म्हणजे विमा-वाहतूक धरून, मोजतात. त्यामुळे आपली निर्यात आणि समोरच्या देशाने नोंदलेली आयात रुपयाला रुपया जुळणारच नाही. तसं तंतोतंत जुळलं तरच शंका घ्यावी.

एककाची चूक पकडण्याचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. किंमत भागिले वजन करून दर काढायचा आणि त्याच आठ अंकी कोडच्या गेल्या बारा महिन्यांच्या मध्यकाशी, म्हणजे दर चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या दराशी, ताडायचा. इथे सरासरी चालत नाही. टनाची एक नोंद किलोत पडली की सरासरी स्वतःच वाहून जाते, मध्यक जागेवर राहतो. मर्यादा मात्र प्रत्येक मालाची वेगळी ठेवावी लागते. सोन्याचा दर रोज माहीत असतो, म्हणून तिथे अरुंद पट्टा पुरतो. द्राक्षांना मध्यकाच्या एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत मोकळीक द्यावी. यंत्रसामग्रीच्या 'इतर' नावाच्या कोडमध्ये एका नगाची किंमत हजारही असते आणि कोटीही, तिथे ही तपासणी जवळपास निरुपयोगी. खटकलेल्या नोंदींची रांग लावताना 'किती विचित्र' यापेक्षा 'महिन्याच्या एकूण आकड्यावर किती परिणाम' हा निकष धरावा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास प्राथमिक आकडे द्यायचे असतात. तेवढ्या दिवसांत मोजक्याच नोंदींची विचारपूस होऊ शकते. त्या मोठ्या असल्या पाहिजेत.

आता सांध्याकडे. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाताना प्रत्येक बंदर, प्रत्येक सेझ यांची यादी करून कोणत्या तारखेपासून कुठली प्रणाली प्रमाण धरायची हे आधी लिहून ठेवायला हवं. तारीख दस्तऐवजाची धरायची, अपलोडची नाही; नाहीतर उशिरा चढवलेल्या जुन्या बिलांचा ढीग नव्या महिन्यात येऊन पडतो. त्यानंतर निदान तीन महिने दोन्ही प्रणाली समांतर चालवायच्या, पण प्रसिद्धी एकीवरूनच. बंदराचा कोड, बिल क्रमांक, बिलाची तारीख, इन्व्हॉइसचा अनुक्रमांक आणि मालाचा अनुक्रमांक अशी जोडकिल्ली, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकत्रित ओळखखूण, करून नोंदी तीन गठ्ठ्यांत टाकायच्या: दोन्हीकडे सारख्या, दोन्हीकडे पण वेगळ्या, एकीकडेच. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक मोठ्या नोंदीचं कारण सापडेपर्यंत नवी प्रणाली प्रमाण मानायची नाही.

इतकं करूनही एक प्रकार निसटतो. परदेशातून सेझच्या गोदामात आलेला माल पुढे देशांतर्गत बाजारात येतो तेव्हा त्याचं दुसरं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं निवेदन, होतं. क्रमांक वेगळा, तारीख वेगळी, माल तोच. कुठलीही जोडकिल्ली हे पकडणार नाही. इथे संगणकाआधी नियम लागतो. मालाने देशाची हद्द ओलांडली तेव्हाच तो आयातीत मोजायचा, गोदामातून बाहेर आला म्हणून पुन्हा नाही. असा नियम प्रणाली बांधण्याआधीच कागदावर उतरावा लागतो, कारण नंतर तो प्रोग्रॅमरच्या अंदाजावर ठरतो.

याहून साधी चूक साखरेची होती. जानेवारी २०१२ चा औद्योगिक उत्पादन निर्देशांक आधी ६.८ टक्के वाढ दाखवत होता. नंतर ती १.१ टक्क्यांवर आली. साखरेचं उत्पादन ५८.०९ लाख टनांऐवजी १३४.०८ लाख टन धरलं गेलं होतं. गाळप हंगाम पाहिलेल्या कुणालाही हे खटकलं असतं. तेव्हा देशाचं वर्षाचं सगळं उत्पादन २६० लाख टनांच्या आसपास होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक एका जानेवारीत? कारखान्यांची एकूण गाळपक्षमता गुणिले महिन्याचे दिवस गुणिले उतारा, एवढा एक गुणाकार तपासणीत असता तर आकडा तिथेच अडला असता. प्रत्येक वस्तूला अशी एक भौतिक कमाल मर्यादा असते. सिमेंटला भट्ट्यांची, विजेला स्थापित क्षमतेची, दुधाच्या भुकटीला संकलनाची. या मर्यादा विषयातल्या माणसांना विचारून भराव्या लागतात, जुन्या आकड्यांवरून आपोआप निघत नाहीत.

हा निर्देशांक पूर्वी साधारण ४२ दिवसांनी, १२ तारखेला यायचा. एप्रिल २०२५ पासून तो २८ दिवसांत, २८ तारखेला येतो. हे मोठं काम आहे आणि त्याचं मनापासून कौतुक करायला हवं. पण चौदा दिवस कमी झाले म्हणजे कारखान्यांना उत्तर द्यायला आणि कचेरीला तपासायला तितकेच दिवस कमी. अशा वेळी 'शून्य' आणि 'रिकामं' यांतला फरक जिवावर बेततो. कारखान्याने शून्य भरलं तर उत्पादन झालं नाही. रिकामं सोडलं तर माहिती आली नाही, आणि तिथे मागच्या कलावरून अंदाज घालतात. फॉर्ममध्ये रिकाम्या जागी आपोआप शून्य पडत असेल तर निर्देशांक खोटा कोसळतो. उलट, कायमचा बंद पडलेला कारखाना 'उत्तर नाही' म्हणून अंदाजावर चालू राहिला तर तो मेल्यावरही वर्षानुवर्षं उत्पादन करत राहतो. म्हणून फॉर्ममध्ये चार वेगळे पर्याय हवेत: उत्पादन शून्य, तात्पुरता बंद, कायमचा बंद, माहिती नंतर देतो. सलग तीन महिने उत्तर नसेल तर प्रत्यक्ष जाऊन पाहायचं. त्याच महिन्यांचं विजेचं बिल मिळालं तर बरेचदा तेवढ्यातच उत्तर मिळतं.

हे झालं वस्तूंचं. उद्योगांची ओळख त्याहून अवघड आहे.

चाकणला एक कारखाना आहे असं समजा. कंपनी म्हणून त्याचा २१ अक्षरांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), करासाठी पॅन आणि त्यावर बेतलेला जीएसटी क्रमांक, कारखाना परवान्याचा क्रमांक, उद्यम नोंदणीचा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा कोड. पाच खाती, पाच क्रमांक, आणि पाचही ठिकाणी नाव थोडं वेगळं. यातला जोडायला सर्वांत सोयीचा धागा पॅन. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा पॅनची, तेरावं त्या राज्यातल्या त्याच पॅनच्या नोंदणीचा अनुक्रम, शेवटचं तपास-अक्षर. म्हणजे जोडणीची पहिली पायरी अशी: तपास-अक्षर पडताळून चुकीचे क्रमांक बाजूला, मग मधली दहा अक्षरं काढून एका पॅनखाली सगळ्या राज्यांतल्या नोंदण्या एकत्र. पण पॅन कंपनीचा असतो, कारखान्याचा नाही. एकाच पॅनखाली चाकणचा कारखाना, नाशिकचं गोदाम आणि लोअर परळचं मुख्यालय तिन्ही येतात, आणि तिघांना मिळून एकच जीएसटी क्रमांक असू शकतो. तिथून पुढे पिनकोड, मग पत्ता, आणि अगदी शेवटी नाव. नावाने सुरुवात केली तर 'श्री गणेश इंजिनिअरिंग' या नावाचे किती निघतील याची कल्पना करा.

कंपनीच्या सीआयएनमध्ये पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे असतात, पण ते स्थापनेच्या दिवशीचे. कापडाचा धंदा म्हणून नोंदलेली कंपनी आज जागा भाड्याने देत असेल तरी कोड तोच राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ साठी, सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांकडे प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तेव्हा यादीतल्या एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या सापडल्या नाहीत, बंद निघाल्या किंवा भलत्याच प्रकारच्या निघाल्या. यादीची डागडुजी न करता तिच्यावर नमुना काढला की त्रुटी पाहणीच्या माथी मारली जाते.

जीएसटीच्या माहितीवर थेट भिस्त ठेवली तर जॉबवर्कमध्ये फसायला होतं. भोसरीतला टर्निंगचा छोटा कारखाना मोठ्या कंपनीचं लोखंड आणून भाग बनवून परत देतो. त्याचं बिल फक्त मजुरीचं, आणि कोड ९९८८, जो सेवांच्या यादीत येतो. औद्योगिक वर्गीकरणात मात्र हा उद्योग पक्का वस्तुनिर्माणातला. कोड जसाच्या तसा उचलला तर आपल्या एमआयडीसींमधले असंख्य कारखाने एका रात्रीत 'सेवा' होतील. वार्षिक उद्योग पाहणीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे प्रश्नपत्रकात, यासाठी सोय आहे. दुसऱ्यांकडून करून घेतलेल्या कामाचा खर्च ब्लॉक एफमध्ये, दुसऱ्यांसाठी केलेल्या कामाची मिळकत ब्लॉक जीमध्ये, आणि स्वतःचा तयार माल ब्लॉक जेमध्ये. चूक होते ती अशी की जॉबवर्क करणारा हिशेबनीस दुसऱ्याच्या लोखंडाची किंमतही आपल्या उत्पादनात धरतो. दुसरी नेहमीची चूक रकमेची. ताळेबंद लाखांत असतो, शेड्यूल रुपयांत. तिसरी ब्लॉक ईमध्ये, जिथे कंत्राटदारामार्फत आलेले कामगार वेगळे दाखवायचे असतात; कंपनीच्या हजेरीपटावर ते नसतात, म्हणून सुटतात. एकूण मजुरी भागिले मनुष्यदिवस हा एकच दर काढला तर तिन्हींपैकी दोन चुका लगेच दिसतात.

आणि यादीची कड. वार्षिक उद्योग पाहणी १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या नोंदणीवर उभी राहिली: वीज वापरून १० कामगार किंवा विजेविना २०. त्याखालचा असंघटित भाग दुसऱ्या पाहणीत येतो. तिथे यादीच नसते, म्हणून गावं आणि शहरी गट निवडून दारोदार नोंद करतात. २०२३-२४ च्या फेरीत तिथे ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी काम करणारे निघाले. पण बारा कामगारांची, कारखाना म्हणून न नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी? पहिल्या पाहणीत नाही कारण परवाना नाही, दुसरीत नाही कारण कंपनी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्याची व्याख्या २० आणि ४० कामगारांवर गेली आहे. यापुढे वीज वापरणारे १० ते १९ कामगारांचे उद्योग नव्या परवान्यांच्या यादीत दिसणार नाहीत, पण ते चालूच असतील. त्यांना उद्योगांच्या नोंदवहीत जुन्या खुणेसह जपून ठेवणं, निदान दोन वर्षं निकाल जुन्या आणि नव्या दोन्ही व्याख्यांनी काढणं, आणि त्यातला प्रत्येक उद्योग कोणत्या एका पाहणीत जाणार हे पॅनवार लिहून ठेवणं, हे काम आत्ताच, जुनी परवाना-यादी हातात असताना करता येईल.