आळस नव्हताच तो
आज रिपोर्ट हातात आले. हिमोग्लोबिन ९.४, म्हणजे बायकांसाठी किमान हव्या असलेल्या १२ च्या बरंच खाली. तेही इतके महिने लोहाच्या गोळ्या गिळून! या वेळी डॉक्टरांनी टीएसएचही (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) तपासायला सांगितलं होतं, ते निघालं वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. थायरॉइड मंदावलं की पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, तांबड्या पेशी बनण्याचा वेगही उतरतो. उलट थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं. म्हणजे दोन्ही दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात. (आणि मी स्वतःला आळशी म्हणत बसले होते.) गंमत म्हणजे दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, मध्ये ४ तास हवेत, लोहामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मोबाइलवर दोन गजर लावून ठेवलेत.