राघू माझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होता

१९ एप्रिल

टेकडीच्या मागच्या अंगाला, जुन्या मुरुमाच्या खाणीपाशी आज वेड्या राघूंची, म्हणजे उडते किडे टिपणाऱ्या छोट्या हिरव्या पक्ष्यांची, बिळं सापडली. दरड कमरेएवढीच उंच आहे. तिच्यात गोल भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी ताज्या मातीची घसरण. चोचीने खणायचं आणि इवल्याशा पायांनी माती मागे उडवायची, असं करत हे चिमणीएवढे पक्षी हातभर, कधी त्याहूनही लांब बोगदा खोदतात आणि त्याच्या टोकाला नुसत्या मातीवर अंडी घालतात.

समोरच्या तारेवर एक राघू चोचीत चतुर धरून बसला होता. शेपटी खालीवर हलत होती. बिळाकडे झेपावला, तोंडाशी पोचता पोचता वळला, परत तारेवर. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आहेर हातात घेऊन मांडवाच्या दारातच अडकलेल्या पाहुण्यासारखी त्याची अवस्था होती. तेवढ्यात जोडीदार मधमाशी घेऊन आला. त्याने ती तारेवर आपटून आपटून तिची नांगी मोडली, आणि तोही घास चोचीत तसाच धरून शेजारी बसून राहिला. दोघांचीही तोंडं माझ्याकडे. मला हसू आलं, पण ते कशासाठी थांबलेत हे कळत होतं, म्हणून मी उठले आणि करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसले. बिळापासूनचं अंतर जवळपास तेवढंच. तिथून मला तार दिसत होती, बिळाचं तोंड मात्र दिसत नव्हतं. राघूला मी अजूनही सरळ दिसत होते. त्याने मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली, दरडीकडे सूर मारला आणि परत आला तेव्हा चोच रिकामी होती.

हे काही माझं संशोधन नाही. पुण्यातच, आबासाहेब गरवारे महाविद्यालयात असताना जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर प्रयोग केले आणि २००२ साली ते ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या शोधपत्रिकेत छापून आले. माणूस एकदा अशा जागी उभा करायचा की जिथून घरटं दिसतं, आणि एकदा तेवढ्याच अंतरावर अशा जागी, की जिथून ते आडोशामुळे दिसत नाही. घरटं माणसाच्या नजरेत असेल तेव्हा राघू आत जायला कचरत. नजरेआड असेल तर बरेच बिनधास्त जात.

यातली मेख मला फार आवडते. दोन्ही वेळा पक्ष्याला माणूसही दिसतो आणि घरटंही दिसतं. त्याच्या बाजूने काहीच बदललेलं नाही. बदललंय ते माणसाच्या बाजूने. म्हणजे तारेवर बसलेल्या त्या चिमुकल्या जिवाला ‘तिथून याला काय दिसत असेल’ याचा काहीतरी अंदाज बांधावा लागतो. आपली मुलंसुद्धा हे हळूहळू शिकतात. लपाछपीत अगदी लहान मूल स्वतःचे डोळे झाकून घेतं आणि आपण लपलो असं समजतं.

आणि म्हणूनच मला त्या दरडीसमोर तिकाटणं लावून बसणाऱ्यांचा राग येतो. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथे कॅमेरे लागतात. चोचीत चतुर धरलेल्या राघूचा फोटो सुंदर येतो यात शंकाच नाही. पण तो इतका वेळ चोचीत चतुर धरून का बसलाय? कारण आपण बिळाकडे बघतोय. आत पिल्लं भुकेली आहेत, आणि त्यांच्या घासाच्या आड आपली नजर येतेय. दहा पावलं बाजूला सरकलं, झाडाच्या आड गेलं, तर राघू आपलं काम करू लागतो, आणि बघण्यासारखं पुष्कळ काही तरीही उरतं: धुळीतलं त्यांचं लोळणं, संध्याकाळी एकाच फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसणं. आज तिथे आलेल्या दोन मुलांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं. जाळीमागून बघायला त्यांना जास्तच मजा आली.

२७ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरच्या आरशाशी शिंजीराचं, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा सूर्यपक्ष्याचं, भांडण सुरू आहे. नर ऐन रंगात आहे. सावलीत काळा दिसतो, ऊन पडलं की निळा-जांभळा झळाळतो. आरशाच्या वरच्या कडेवर बसतो, वाकून आत डोकावतो, चोच मारतो, पंख फडफडवत काचेवर पाय आपटतो. मग आरशाच्या मागे जाऊन बघतो. तिथे कोणी नाही. पुन्हा पुढे येतो, तर तो आहेच!

मादीचं घरटं जवळच, जिन्यातल्या लोंबत्या वायरीला आहे: कोळिष्टकं, वाळकी पानं, सालीचे तुकडे आणि सुरवंटाच्या विष्ठेचे दाणे यांची विस्कटलेली पिशवी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने कचरा अडकलाय. घरटं बांधणं सगळं मादीच्या अंगावर. हद्द राखणं नराकडे, आणि त्याच्या दृष्टीने त्या आरशात घुसखोर राहतो. विणीच्या हंगामात दुसरा नर खपवून घ्यायचा नाही हे त्याच्या रक्तातच आहे. झाडांच्या जगात हे धोरण शहाणपणाचंच. आरसे आपण आणले.

काकूंनी दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले. नर बराच वेळ हँडलवर बसून इकडेतिकडे बघत होता, मग जास्वंदीवर गेला. बिचाऱ्याला जरा विसावा मिळाला याचा मला खरंच आनंद झाला, कारण या भांडणात त्याची ताकद जाते आणि ती त्याला आत्ता हवी आहे.

सगळे पक्षी आरशापुढे असेच फसतात असं मात्र नाही. युरोपातल्या मॅगपायच्या गळ्यावर, त्याला स्वतःला दिसणार नाही अशा जागी रंगीत ठिपका लावून त्याच्यापुढे आरसा ठेवला, तर काही मॅगपाय आरशात बघून आपल्याच गळ्यावरचा ठिपका काढू लागले. हे काम २००८ साली प्रसिद्ध झालं. मॅगपाय म्हणजे कावळ्याच्याच कुळातला.

६ मे

कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर टाकलेल्या खडीत टिटवीची चार अंडी आहेत. निमुळती टोकं आत, मध्याकडे वळलेली. रखवालदार काकांनी भोवती चार विटा मांडून ठेवल्यात, डंपरवाल्याला दिसावं म्हणून. नाहीतर त्या खडीत ती अंडी डोळ्यांनी हुडकून काढणं कठीण.

टिटवीची हुशारी तिच्या उठण्यात आहे. कोणी येताना दिसलं की ती अंड्यांवरून आवाज न करता उतरते, मान खाली घालून चालत दूर जाते आणि मग तिथून उडून ओरडायला लागते. बघणारा साहजिकच त्या जागेकडे बघतो, आणि तिथे काहीच नसतं. दुपारच्या उन्हात तिने आज आणखी एक गोष्ट केली. काकांच्या पाण्याच्या टाकीखालच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसली. खडी तापलेली होती. ऊब द्यायची ती अंडी, पण मे महिन्यात ती गारही ठेवावी लागतात.

काका म्हणाले, “आमच्याकडं म्हणतात, टिटवी पाय वर करून झोपती, आभाळ पडलं तर धरायला.” आणि लगेच, “हिचं घर उंचवट्यावर हाय, औंदा पाऊस चांगला.”

१५ मे

कावळ्यांबद्दल लिहायचं राहून जातं, कारण ते रोजचेच. आज लिहिते.

मागे नात्यातल्या एका दशक्रियेला घाटावर गेले होते. पिंड ठेवला, सगळे हात जोडून भोवती उभे. कावळे झाडावर होते, पुष्कळ होते, पण एकही खाली उतरेना. घरातल्यांचा जीव टांगणीला. कोणी म्हणालं, इच्छा राहिली असेल, धाकट्याच्या लग्नाचं बोला. बोलून झालं. मग एका वयस्कर मामांनी सगळ्यांना मागे, पिंपळाखाली जायला सांगितलं आणि पिंडाकडे पाठ करून बसवलं. थोड्याच वेळात कावळा शिवला. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या क्षणी माझेही डोळे भरून आले होते. पण मामांना कावळा माहीत होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. इतक्या डोळ्यांनी रोखून पाहिलेल्या भातावर कावळा सहसा उतरत नाही.

कावळा आपली नजरच नाही, चेहराही लक्षात ठेवतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची वळी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरलं, की कावळे गोळा होऊन कर्कश ओरडत. दुसरा मुखवटा घातला तर त्यांना काही पडलेली नसे. वर्षं गेली तरी हे थांबलं नाही. उलट ओरडणारे वाढले, कारण जे कधी पकडले गेले नव्हते तेही इतरांकडून शिकले.

त्याच कुळातल्या, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या स्क्रब जे या निळ्या पक्ष्याची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. हा अन्न पुरून ठेवतो. केंब्रिजच्या नेथन एमरी आणि निकोला क्लेटन यांनी २००१ साली दाखवून दिलं, की पुरताना दुसऱ्या जेने पाहिलं असेल तर तो नंतर एकांत मिळताच ते उकरतो आणि नव्या जागी लपवतो. पण हे सगळेच करत नाहीत. ज्यांनी स्वतः पूर्वी दुसऱ्याचं अन्न चोरलंय, तेच करतात. चोराच्या मनात चांदणे! ज्याने कधी चोरी केली नाही, त्याला ही शंकाच येत नाही. स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याचा डाव ओळखायचा, तोही बदामाएवढ्या मेंदूने. हे वाचलं त्या दिवशी मी घरात दिसेल त्याला सांगत सुटले होते.

आमच्या गॅलरीतला कावळाही पोळीचा तुकडा कुंडीत खुपसतो, वर वाळकं पान ओढतो आणि आधी आजूबाजूला बघून घेतो. मी खिडकीत असले तर तुकडा उचलून दुसरीकडे नेतो.

८ जून

पहाटेपासून कोकीळ ओरडतोय आणि कावळे पिसाळलेत. समोरच्या आंब्यावर कावळ्यांचं घरटं आहे, काटक्या आणि बांधकामावरच्या तारांचं. काळा नर मुद्दाम घरट्याच्या अगदी जवळच्या फांदीवर येऊन बोंबलत होता. दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले, गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळत गेले. तेवढ्यात पानांतून तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी निघाली आणि घरट्यात शिरली. क्षणभरच. बाहेर पडली ती ‘किक् किक् किक्’ करत थेट पलीकडच्या वडात. नराने कावळ्यांना भुलवायचं आणि मादीने अंडं उरकायचं, ही जोडीची चाल पक्षीनिरीक्षकांनी पूर्वीपासून नोंदवून ठेवलेली आहे. आज ती डोळ्यांसमोर घडली.

कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच हिरवट, तपकिरी ठिपक्यांचं, फक्त आकाराने लहान. आणि ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं, त्यामुळे पिल्लाला पहिल्या दिवसापासून भरवणारे मिळतात. पुष्कळदा कावळ्याचीही पिल्लं त्याच्याबरोबर वाढतात.

जूनअखेरीस आंब्यावर कोण कोणाला भरवतंय ते दिसेल. झाडाखाली मी जाणार नाही. कावळ्यांनी आज मला दोनदा गॅलरीत बघितलंय, आणि दुसऱ्यांदा मादी कावळी घरट्याच्या काठावर येऊन माझ्याच दिशेने ओरडली. पडदा ओढून घेतला आहे, फटीतून आंबा नीट दिसतो.