अजून येत नाही

शनिवारी वहिनीने पाहुण्यांना कौतुकाने सांगितले, "ही आता मोडी वाचते," आणि तिचे बोलणे पुरते होण्याआधीच मी म्हणाले, "छे, अजून येत नाही, नुसती शिकतेय." पाहुणे हसले आणि घोडबंदर रोडवरच्या घरांच्या किमतींकडे वळले. वहिनी गप्प झाली. तेव्हापासून माझे ते एक वाक्य डोक्यातून जात नाही.

विनय म्हणून बोलले असते तर विसरूनही गेले असते. पण त्या क्षणी मला ते अगदी खरे वाटत होते आणि खुपते आहे ते हेच. आजोबांची ट्रंक उघडली तेव्हा त्यातल्या कागदांवरचे एक अक्षरही मला ओळखता येत नव्हते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थ लागल्याखेरीज कळत नाही आणि शब्द सुटा झाल्याखेरीज अर्थ लागत नाही. आज तो ओघ मला फोडता येतो. सरावाच्या पेशवेकालीन पत्रात 'खमस' दिसले की तो शुहूर सनातला, म्हणजे आकडे अरबी शब्दांत लिहिणाऱ्या जुन्या कालगणनेतला, पाच, हे विचार न करता समजते. तरीही कुणी मोडीचे नाव काढले की मला केवळ न लागलेले शब्द आठवतात. अपुरे राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अधिक लक्षात राहते, असे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. माझ्या बाबतीत तरी ते पटते.

मग वाटले, हे सगळे मी फार उशिरा सुरू केले. आईच्या दुखण्यातली ती वर्षे, त्याआधीची नोकरीची धावपळ. माझ्या वाट्याला माझे असे काही आलेच नाही. बाबा असते तर त्यांना हे कागद वाचून दाखवले असते. ते राहू दे.

आज दुपारी सरावाची जुनी वही काढली. प्रश्नचिन्हे करून सोडलेले बहुतेक शब्द आता वाचता येत होते आणि ते वाचता येऊ लागले तो दिवस मी कुठेच नोंदवलेला नव्हता. शेवटचा कागद पूर्ण लागेल तेव्हाच 'येते' म्हणायचे, असे मी कधी ठरवले, मला आठवत नाही. पण या हिशेबाने ते म्हणण्याचा दिवस येणारच नाही, कारण प्रत्येक लेखनिकाचे वळण वेगळे असते.

उद्दिष्टांविषयी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये दाखवले की नेमके आणि अवघड ध्येय ठेवणारे लोक 'जमेल तेवढे करू' म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक साधतात. मात्र १९८९ मध्ये कॅन्फर आणि अ‍ॅकरमन यांना विमान-वाहतूक नियंत्रणाच्या सरावात आढळले की काम नवखे असताना असे ध्येय दिले तर ते शिकण्याच्या आड येऊ शकते, कारण सगळे लक्ष शिकण्यासाठीच लागत असते. मी पहिल्याच महिन्यात 'दिवाळीपर्यंत सगळी ट्रंक' असे ठरवले होते, तेव्हा प्रत्येक नव्या जोडाक्षरापाशी मला धास्ती का वाटायची, ते आता उमगते.

आता ध्येय लहान आणि नेमके ठेवते. या महिन्यात शहापूरच्या जमिनीचे एकच खरेदीखत घ्यायचे आणि त्यातल्या चतुःसीमा तेवढ्या वाचायच्या: पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, ओढा कोणत्या बाजूला. लागलेला प्रत्येक नवा शब्द वहीच्या डाव्या पानावर तारखेसह लिहायचा, न लागलेला उजव्या पानावर. साक्षीदारांच्या सह्या सर्वांत घाईने केलेल्या आहेत, म्हणून त्या पुढच्या महिन्यात.