फीड बंद, पंप चालू

आयसीयूत रात्रीचे अडीच वाजले होते. पेशंट सेप्टिक शॉकमधला (जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेला), व्हेंटिलेटरवर, गुंगीत ठेवलेला, बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनालिन चालू. सीटीला न्यायचं म्हणून नाकातल्या नळीतून दिलं जाणारं अन्न, म्हणजे फीड, आधीच्या ड्यूटीत थांबवलेलं. इन्सुलिनचा पंप मात्र ताशी 4 युनिटवर तसाच. बोट टोचून शुगर पाहिली तर 138. पण बोटं गारठलेली, सुजलेली, थेंबसुद्धा पिळून काढावा लागला. मन मानेना, म्हणून आर्टिरियल लाइनमधून (धमनीत घातलेल्या नळीतून) रक्त घेऊन एबीजी (रक्त तपासायच्या) मशीनला लावलं. 52! म्हणजे धोक्याइतकी कमी.

पंप बंद करून सरांना उठवलं. 25 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) 100 मिली शिरेतून दिलं. पंधरा मिनिटांनी 121. तेवढा वेळ मी त्या आकड्याशिवाय दुसरं काही पाहिलंच नाही. गुंगीतला माणूस 'गरगरतंय' म्हणून सांगत नाही हो, त्याच्या वतीने आपणच तपासायचं असतं.

बाहेर नातेवाईक विचारतात, "त्यांना डायबिटीस नव्हताच, मग शुगर 290 कशी?" शरीरावर मोठं संकट आलं की कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनालिन वाढतं, लिव्हर साखर रक्तात सोडत राहतं आणि इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत. त्यात स्टिरॉइड असेल तर विचारूच नका. मूळचा डायबिटीस होता का, याचा अंदाज एचबीए1सीवरून (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीवरून) येतो, त्या रात्रीच्या शुगरवरून नाही.

मग ती शंभरावर का आणत नाही? 2001 मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या अभ्यासानंतर 80 ते 110 च्या मागे सगळे लागले होते. 2009 च्या नाइस-शुगर नावाच्या अभ्यासात, सहा हजारांवर पेशंटमध्ये, उलटंच दिसलं. कडक नियंत्रणात 90 दिवसांतले मृत्यू 27.5 टक्के, सैल नियंत्रणात 24.9. शुगर 40 किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण 6.8 विरुद्ध 0.5 टक्के. म्हणून आता बहुतेक पेशंटना 180 च्या वर गेल्यावर इन्सुलिन सुरू करतो आणि 140 ते 180 मध्ये ठेवतो. शॉकमध्ये कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन कधी, किती लागू पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून शिरेतून. पोटॅशियमवरही डोळा ठेवावा लागतो, इन्सुलिनने तेही उतरतं.

आता फीड थांबवताना माझा हात आधी इन्सुलिनच्या पंपाकडे जातो. ड्यूटी बदलताना, हँडओव्हरला, दोन्ही एकाच दमात सांगते, "फीड दोनला बंद केलं, पंपही दोनलाच, शुगर तासातासाला बघ, लाइनमधूनच."