खारं रान, भात आणि कॅडमियमची तपासणी

आमचं रान बेळगाव जिल्ह्यात, सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेच्या काठी. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून खालचा तुकडा क्षारपड झाला, ऊस तिथं गुडघाभरच राहायला लागला. म्हणून कर्नालच्या संशोधन संस्थेचा सीएसआर ३६ हा मीठ सोसणारा भात लावला. भात तगलं. तेव्हा धारवाडला कृषी शिकणारी माझी लेक म्हणाली, "आप्पा, मीठ सोसतंय खरं, पण कॅडमियम, आर्सेनिक या विषारी द्रव्यांचं काय? आपण तेच खाणार न्हवं?"

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून माती तपासून आणली. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. क्षारता चारच्या वर, म्हणजे रान खारं, हे कळलं. कॅडमियम, आर्सेनिक त्यात नसतातच. त्यासाठी खासगी प्रयोगशाळा गाठावी लागली.

तिथं पहिलाच प्रश्न आला, "काका, माती तपासायची की तांदूळ?" मी म्हटलं, दोन्ही. लेकीनं फोनवरच अडवलं. मातीतला एकूण आकडा दाण्यात किती उतरेल ते सांगत नाही. मीठ सोसणारं वाण सोडियम पानात जाऊ देत नाही, पण कॅडमियम मँगनीजच्या वाटेनं मुळात शिरतं, आर्सेनिक सिलिकाच्या. मीठ अडवलं म्हणून ते अडत नाहीत. उलट खाऱ्या रानातलं क्लोराइड कॅडमियमला धरून पाण्यात मोकळं ठेवतं. सामू जास्त असला की तेच कॅडमियम मातीला चिकटून बसतं. या ओढाताणीत कोण जिंकलं, ते दाणाच सांगणार.

मग तांदूळच दिला. रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या लोंब्या एकत्र करून, घरीच सडून, कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत. गिरणीचा तांदूळ नको, आधीच्या मालाची भेसळ होते. मातीचा नमुना घेताना जस्ताची बादलीही नको, जस्ताचा आकडा फुगतो. हे कुणी आपणहून सांगत नाही.

अहवालात कॅडमियमपुढं 'आढळलं नाही' एवढंच. मी विचारलं, किती खाली गेल्यावर आढळत नाही? तेव्हा कुठं यंत्राची मर्यादा लिहून मिळाली. पॉलिश तांदळात कॅडमियमला कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, कमाल मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे. यंत्राची मर्यादा तिच्यापेक्षा जास्त असती, तर 'आढळलं नाही'ला काय अर्थ? आमच्या अहवालात ती कमी होती. आर्सेनिक त्यांनी एकूण मोजलं, कोडेक्सची ०.२ ची मर्यादा मात्र असेंद्रिय आर्सेनिकची, म्हणजे एकूणातल्या जास्त विषारी भागाची. आमचं एकूणच तिच्या खाली आलं, म्हणून वेगळी महागडी चाचणी टाळली.

पाण्याचा पेच आहेच. रान तुंबून ठेवलं तर कॅडमियम कमी उतरतं, आर्सेनिक वाढतं. सुकवलं तर उलटं. माझा आर्सेनिकचा आकडा मर्यादेच्या जवळ होता, म्हणून यंदा मधून-मधून पाणी काढून रान सुकवणार आहे. क्षार वर येऊ नयेत इतकंच सुकवायचं. लावणीआधी बोअरच्या पाण्याचा नमुनाही देणार.