तेर ते पैठण: भरूचला जाणारा माल

पैठणच्या साडीच्या दुकानांत ‘आमची पैठणी रोमला जायची’ हे हमखास ऐकू येतं. पडताळायचं तर आधी धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठावं. आम्ही तेच केलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी टिपणात गुजरातच्या भरूच बंदरात येणाऱ्या मालाची नोंद आहे. पैठणहून येतो अकीकासारखा दगड. कापड येतं ते तगरहून, म्हणजे तेरहून. तेही बरंचसं साधंच, जोडीला मलमल. भरूच ते पैठण वीस दिवस, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा. रस्ते धड नाहीत, माल गाड्यांवर लादलेला. कल्याण बंदर कितीतरी जवळ, पण तेव्हा तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेत. एवढ्या वळशाचं एक कारण तेच असावं.

तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती चुकवू नका. 1938 साली इटलीत पोम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य लगेच डोळ्यांत भरतं. पोम्पेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे भारतातला माल त्याआधीच तिकडे पोचलेला!

आता तेर-पैठण गाडीने बीडमार्गे चार-पाच तास. पैठणी केंद्रात शक्यतो सकाळी जा, मागावर उजेड चांगला असतो. रेशीम बंगळुरूकडचं, जरीची तार सुरतेची. पैठणचं काय ते पदरात दिसतं. मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी. विणकर ती ताण्याच्या, म्हणजे उभ्या, मोजक्या धाग्यांतून फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. अडकवायचं राहिलं की दोन रंगांमध्ये फट पडते. कडियल, म्हणजे वेगळ्या रंगाच्या काठांच्या साडीत अंगाला आडवा धागा नेणारा एक धोटा, काठांना दोन. काठाचा ताण अंगापेक्षा जास्त झाला, तर साडी मागावरून उतरल्यावर काठ आखडतो. तो इस्त्रीलाही दाद देत नाही.

2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी विकत घेताना पदर उलटून बघाच. हातविणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागे धागे लोंबत असले किंवा कापलेले दिसले, तर ती जॅकार्डची, म्हणजे यंत्राने नक्षी काढलेली. संभाजीनगरला हिमरू हे नक्षीदार कापड घेताना मात्र ही कसोटी लावू नका. सुती ताणा, रेशमी बाणा (आडवे धागे) आणि मागे सुटे धागे, ही त्याची मूळचीच वीण.